जाड माणसाची हाडं मजबूत असतात का?

प्रश्न : माझी आई ६१ वर्षांची, वजन ८४ किलो. पावसात दादरच्या पुलाच्या पायऱ्या उतरताना पाय घसरला आणि घोटा मोडला. ‘एवढी अंगाने भरलेली बाई, हाडं भक्कमच असणार’ असं आम्ही धरून चाललो होतो. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे १.३ आलाय. मग हाड मोडलं कसं? (भांडुप)

उत्तर : तुमचा समज अगदीच निराधार नाही. अंगावर भार असला की हाड घट्ट होतं, आणि पाळी गेल्यावर चरबीतही थोडं इस्ट्रोजेन, म्हणजे हाडं जपणारं स्त्री-संप्रेरक, तयार होत राहतं. म्हणून जाड बायकांच्या डेक्साचे आकडे बहुधा बरे येतात. पण आकडा बरा आला म्हणून हाड मोडायचं थांबत नाही. पंचावन्न आणि त्यापुढच्या स्त्रियांवर दहा देशांत झालेल्या ‘ग्लो’ अभ्यासातून २०११ साली दिसलं, की लठ्ठ स्त्रियांची मनगटं कमी मोडतात, पण घोटे आणि मांडीची हाडं इतरांपेक्षा जास्त मोडतात.

पाय मुरगळून पडताना घोट्यावर येणारा भार वजनाबरोबर वाढतो, हाडाची ताकद मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. हे झालं वरवरचं कारण. खरी गडबड आत चालते. आतड्यांभोवतीची चरबी नुसती पडून नसते. दाह वाढवणारी रसायनं ती रक्तात सोडत राहते आणि हाड कुरतडणाऱ्या पेशींना त्याने जोर चढतो. शिवाय हाडांच्या मगजातल्या एकाच मूळ पेशीतून हाड बांधणारी पेशीही घडते आणि चरबीचीही. वय वाढतं, हालचाल कमी होते, तसा तिचा कल चरबीकडे जातो.

उणे १.३ म्हणजे हाडं विरळ व्हायला लागली आहेत, उणे २.५ किंवा त्याखाली गेलं तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. आईंना मधुमेह आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर या आकड्यावर विसंबून राहू नका. टाइप २ मधुमेहात डेक्सा बरा येऊनही हाड सहज मोडतं. पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना या फ्रॅक्चरबद्दल आवर्जून सांगा, कारण स्त्रियांमध्ये ती हाडं मोडण्याचा धोका वाढवते. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका.

प्रश्न : रोज सकाळी साडेसहाला शिवाजी पार्कात फिरते, तरी रक्तातलं ड जीवनसत्त्व फक्त ११! वजन ९० किलो. मैत्रीण म्हणते, दर आठवड्याला ड जीवनसत्त्वाचं ६० हजार युनिटचं पाकीट घेत राहा. (माहीम)

उत्तर : फिरणं सोडू नका, पण साडेसहाच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही. त्याला अकरा ते दोनचं ऊन लागतं, तेही उघड्या हातापायांवर. त्यातून हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं आणि तिथेच अडकून बसतं. त्यामुळे तेवढ्याच उन्हात सडपातळ बाईपेक्षा तुमच्या रक्तात ते कमी उतरतं, आणि औषधाचा डोसही अनेकदा दुप्पट-तिप्पट लागतो. तो मैत्रिणीने ठरवायचा नाही. महिनोन्‌महिने पाकिटं घेत राहिल्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्ण येतात. किती आठवडे घ्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि कोर्स संपला की पुन्हा तपासा.

प्रश्न : वय ४८. वजन उतरवण्याचं इंजेक्शन सुरू आहे, सहा महिन्यांत १३ किलो उतरले. जेवण अर्ध्यावर आलंय. हाडांवर परिणाम होईल का? (मुलुंड)

उत्तर : होऊ शकतो. वजन उतरवलंत हे उत्तमच. पण दहा टक्के वजन गेलं की खुब्याच्या हाडाची घनता साधारण एक ते दोन टक्के घटते, आणि चरबीबरोबर स्नायूही जातो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लठ्ठ वृद्धांचं वजन उतरवलं. त्यात चालण्यासारखाच व्यायाम करणाऱ्यांची खुब्याची घनता सुमारे ३ टक्के घटली. वजनं उचलणाऱ्यांची जेमतेम अर्धा टक्का. म्हणून माझा सगळा आग्रह ताकदीच्या व्यायामावर आहे.

जिम नको असेल तर खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हातांची घडी छातीवर, आधार न घेता उठा. बसताना धप्पकन बसू नका, तीन आकडे मोजत खाली या. दहा वेळा, दिवसातून दोनदा. गुडघा दुखला तर थांबा. सोपं जायला लागलं की पाठपिशवीत दोन किलो तांदूळ घालून हेच करा.

भूक मेली की ताटातली डाळ, अंडी, मासे आधी कमी होतात. जेवण तिथूनच सुरू करा. कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिळतं. दही, तिळाची चटणी आहेच. आणि मासे खात असाल तर सुकट, कारण ती सालाकाट्यासकट पोटात जाते.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा, वजन ७८ किलो. दोन आठवडे गुडघा दुखतोय, लंगडतो. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ आहे. मालीश करू का? (कांदिवली)

उत्तर : मालीश अजिबात नको. जाड मुलांमध्ये वाढीच्या वयात खुब्याचा गोळा जागेवरून सरकू शकतो, आणि दुखतं मात्र गुडघ्यात. उशीर झाला तर गोळा आणखी सरकतो, कधी त्याचा रक्तपुरवठाच तुटतो. वेळेत सापडलं तर स्क्रूने तो जागीच धरता येतो. त्या पायावर भार देऊ नका, शाळा-क्लास बंद. आजच अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या आणि दोन्ही खुब्यांचे एक्स-रे काढून घ्या.