बर्फासाठी नको, गाळ वाचायला ये

तुझा मेसेज दोनदा वाचला. पुण्यात जिऑलॉजीची एम.एस्सी. संपत आलीय. जुन्या हिमचादरी नेमक्या कुठवर पसरल्या होत्या हे त्यांनी मागे टाकलेल्या गाळावरून शोधायचं, या विषयात तुला नॉर्वेला पीएचडी करायचीय. आणि तू विचारलंयस, "ताई, मी जन्मात हिमनदी पाहिलेली नाही, मला कोण घेईल? घरचे म्हणतात, दारात दख्खनचा बसाल्ट असताना मातीसाठी एवढ्या लांब कशाला?" मी नऊ वर्षांपूर्वी कोथरूडहून बर्गनला आले तेव्हा माझ्याही घरात हेच बोलणं झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हिमनदीचं. ती न पाहिल्याने फारसं अडत नाही, कारण आपण जिचा माग काढतो ती हिमचादर केव्हाच वितळून गेलीय. उरलाय तो टिल, म्हणजे बर्फाने आणून टाकलेला गाळ: चिकणमाती, वाळू, खडे आणि डोक्याएवढे धोंडे, सगळं एकत्र कालवलेलं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी इथे मुरुमाचा भराव टाकलाय. पण गंमत अशी की दरड कोसळल्यावरही दिसायला तसाच ढीग तयार होतो. म्हणून इथे पहिली शिस्त लावतात ती अशी, की वहीत 'टिल' लिहायचं नाही. 'डायमिक्टॉन' लिहायचं, म्हणजे लहानमोठं सगळं मिसळलेला गाळ, एवढंच. तो बर्फाने आणला की डोंगर घसरून आला, हे पुराव्यानंतर. ही सवय तुला पुण्यातच लागू शकते. पावसाळा सरला की ताम्हिणीत रस्त्यालगतची एखादी जुनी, स्थिर झालेली दरड बघ (ताजी नको, ती पुन्हा सरकू शकते) आणि तिचं वर्णन लिही. दगड किती टोकदार आहेत, बाहेरून आलेला एक तरी आहे का, कशावर ओरखडे आहेत का. बर्फाखाली घासलेल्या दगडाला सपाट पैलू पडतात आणि लांबीच्या दिशेने बारीक रेघा उठतात. दरडीत ते सहसा सापडणार नाही. शिवाय तिथे सगळा बसाल्टच. परका दगड म्हणजे काय, हे पुण्यात वाढलेल्या डोळ्यांना शिकावंच लागतं. ऑस्लोच्या परिसरातला रॉम्ब पॉर्फिरी नावाचा खडक, ज्यात चौकटच्या आकाराचे फिकट स्फटिक असतात, तो इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर आणि डेन्मार्कमध्ये मिळतो. असा एकच दगड हातात आला तरी तो मुळात कुठून आला ते कळतं.

आणि हो, निघण्याआधी चंद्रपूरला जाऊन ये. तिथे इरईजवळ पैनगंगेच्या पात्रात १८७० च्या दशकात फेडन या भूवैज्ञानिकाने घासलेला, ओरखडे पडलेला चुनखडक नोंदवला होता. त्यावर तालचीर या जुन्या खडकसमूहातला गोट्यांचा थर आहे, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत ज्याचा भाग होता त्या गोंडवन महाखंडातल्या बर्फाने आणलेला. मी गेले नव्हते. इथे पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापकांनी मला तालचीरबद्दल विचारलं आणि माझ्याकडे फक्त पुस्तकातलं उत्तर होतं. ती रुखरुख अजून आहे. उन्हाळ्यात पात्र उघडं असताना जा, आणि स्थानिक कुणाला तरी बरोबर घे.

आता इथलं काम. बर्गनच्या वायव्येला हर्डला नावाचं बेट आहे, तिथून यंगर ड्रायस काळातल्या बर्फाची कड गेली होती. हा थंडीचा झटका साधारण १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा. या भागातल्या टिलमध्ये शिंपल्यांचे तुकडे सापडतात. आधी समुद्र होता, त्यात शिंपले जगले, मग बर्फ परत पुढे आला आणि समुद्रतळाचा गाळ शिंपल्यांसकट उचलून घेऊन गेला. त्या तुकड्याचं कार्बन-१४ वय काढलं की बर्फ त्यानंतर आला, एवढं ठामपणे म्हणता येतं. किती नंतर, ते तो शिंपला सांगत नाही. शिवाय समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळात जुना, त्यामुळे वय साधारण ४०० वर्षं जास्त दिसतं, ते वजा करावं लागतं. मोठ्या धोंड्यांसाठी बेरिलियम-१० वापरतात: वैश्विक किरणांमुळे उघड्या दगडात ते साठत जातं, त्यावरून धोंडा बर्फातून कधी उघडा पडला ते काढतात. ते मुख्यतः क्वार्ट्झ या खनिजावर चालतं आणि बसाल्टमध्ये ते जवळपास नसतं, म्हणून बसाल्टच्या देशात आपली त्याच्याशी गाठ पडत नाही. इथे आल्यावर शिकशील.

माझं पहिलं महिनाभराचं काम म्हणजे टिलची एक उभी भिंत खुरप्याने साफ करायची आणि एकेक दगड मोजायचा. एका थरातून ५० लांबट दगड, प्रत्येकाचा लांब अक्ष कुठे रोखलाय आणि किती कललाय, ते कंपासने. लांबट दगड बहुधा बर्फ सरकतो त्या दिशेला वळतात. बोटं बधिर होतात, वही भिजते. पण संध्याकाळी ते ५० बाण आलेखावर टाकले आणि बहुतेक एकाच दिशेला वळलेले दिसले, तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं होतं की बर्फ कुठून आला ते मला दिसलं.

घरच्यांना सांगण्यासारखं एक. २०१६ मध्ये बर्गन विद्यापीठाच्या पुढाकाराने डेटेड-१ हे संकलन प्रसिद्ध झालं. त्यात २५,००० ते १०,००० वर्षांपूर्वीच्या काळासाठी युरेशियातल्या हिमचादरींची कड टप्प्याटप्प्याने आखलीय, आणि प्रत्येक टप्प्याला तीन रेषा आहेत: कमीत कमी, जास्तीत जास्त, आणि सर्वांत विश्वासार्ह. पश्चिमेची कड आधी टोकाला पोचली, पूर्वेची काही हजार वर्षांनी. आज अंटार्क्टिका आणि ग्रीनलंड किती वेगाने आटतील हे सांगणारी मॉडेल्स अशाच जुन्या रेषांवर पारखली जातात. त्या तीन रेषांमधलं अंतर कमी करणं हे आपलं काम. मला ते फार मोलाचं वाटतं.

व्यवहाराचं थोडक्यात. नॉर्वेत पीएचडी ही पगारी नोकरी आहे. तीन वर्षं, शिकवण्याचं काम जोडलं तर चार. जागा जॉबनोर्गे या संकेतस्थळावर निघतात आणि त्या जाहिरातीतल्या प्रकल्पालाच अर्ज करायचा. मास्टर्स परत करू नकोस: २०२३ पासून युरोपबाहेरच्यांना त्याची फी पडते. बर्गनला वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तास. पावसाचं पुणेकराला काही नाही, अंधाराचं होतं. पहिल्या हिवाळ्यात एकटी राहू नकोस, घर शेअर कर. गाडी चालवायला शीक, फील्डला लागते.

अर्जात 'मला बर्फाची आवड आहे' लिहू नकोस. ताम्हिणीतल्या दरडीचं तुझं वर्णन आणि चंद्रपूरचे फोटो जोड. मसुदा झाला की पाठव, रविवारी बसून वाचते. आणि येताना आपल्याकडचं एक चांगलं खुरपं घेऊन ये, चेक-इनच्या बॅगेत. माझं आठव्या वर्षी मोडलं, तसं इथे मिळत नाही.