माकडाचा रक्तगट तपासला की नेहमी 'ओ'च का येतो?

तुमचा प्रश्न असा: रीसस माकडांचे पाच नमुने अँटी-ए आणि अँटी-बीने (ए आणि बी ओळखून पेशींच्या गुठळ्या करणारी द्रावणं) तपासले, कुठेच पेशी गोळा झाल्या नाहीत, मग सगळी माकडं ओ गटाची आहेत का?

नाही. माकडांच्या तांबड्या पेशींवर ए, बी हे अँटिजेन (रक्तगट ठरवणाऱ्या खुणा) जवळपास नसतातच. ते लाळेत आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असतात. खातरजमा करायची तर युलेक्स या झुडपाच्या बियांचं अँटी-एच लेक्टिन (एच अँटिजेनला चिकटणारं प्रथिन) वापरा. माणसाच्या ओ पेशी त्यात चटकन गोळा होतात, कारण त्यांच्यावर एच, म्हणजे ए-बी ज्यावर तयार होतात तो मूळ अँटिजेन, भरपूर असतं. माकडाच्या पेशी तशाच सुट्या राहतात. तुम्ही मोनोक्लोनल अँटिसीरम (प्रयोगशाळेत बनवलेली, एकाच प्रकारची अँटिबॉडी असलेलं) वापरलं असणार. माणसाच्या रक्तातून काढलेलं असतं, तर त्यातल्या माकडविरोधी अँटिबॉडींमुळे पाचही नमुने 'एबी' दिसले असते, आणि तेही चूकच.

गट लाळेवरून काढा. लाळेची नळी आधी उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवा. हे टाळलं तर लाळेतली एन्झाइम अँटिजेन तोडतात. मग सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ पाणी घ्या. अँटिसीरम इतकं पातळ करा की माणसाच्या ए किंवा बी पेशींशी जेमतेम २+ (मध्यम) प्रतिक्रिया येईल. दाट ठेवलं तर लाळेतला अँटिजेन त्याला पुरा पडत नाही आणि निकाल खोटा निगेटिव्ह येतो. माझ्या मते सर्वाधिक चुका इथेच होतात. एक थेंब लाळ, एक थेंब अँटिसीरम, १० मिनिटं थांबा, मग माणसाच्या धुतलेल्या ए किंवा बी पेशींच्या २ ते ५ टक्के द्रावणाचा एक थेंब. इथे वाचन उलटं असतं: पेशी गोळा झाल्या नाहीत तर तो अँटिजेन लाळेत आहे. लाळेऐवजी सलाइन घातलेली नळी गोळा झालीच पाहिजे, नाहीतर पूर्ण फेरी रद्द.

जोडीला माकडाचं सीरमही तपासा, कारण अंगात नसलेल्या अँटिजेनविरुद्धच्या अँटिबॉडी त्यात असतात. आधी ते माणसाच्या धुतलेल्या ओ पेशींबरोबर ठेवून त्या पेशी काढून टाका, आणि ओ पेशींशी प्रतिक्रिया थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. मगच ए आणि बी पेशी लावा. पिल्लांचं सीरम यासाठी उपयोगाचं नाही, त्यात अँटिबॉडी अजून तयार झालेल्या नसतात. रीससमध्ये बहुतेक वेळा बी गट निघतो.

एप वानरांत चिंपांझी बहुतेक ए, थोडे ओ; गोरिला बी; ओरांगउटान आणि गिबन ए, बी, एबी. माणसात ए आणि बी अँटिजेन बनवणाऱ्या एन्झाइममध्ये चार अमिनो आम्लांचा फरक असतो, पण निर्णायक असतात २६६ आणि २६८ या दोन जागा, आणि इतर प्राइमेटमध्येही त्याच. ए-बीचा हा भेद किमान दोन कोटी वर्षं जुना आहे. ओ मात्र तसा नाही: चिंपांझीचा ओ वेगळ्या उत्परिवर्तनांतून स्वतंत्रपणे आला. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते.

आता आरएच. १९४० साली लँडस्टायनर आणि वीनर यांनी रीससचं रक्त टोचून मिळवलेलं सीरम सुमारे ८५ टक्के माणसांच्या पेशीही गोळा करत होतं, म्हणून हे नाव पडलं. पुढे कळलं की ती अँटिबॉडी डी अँटिजेनवर (ज्यावरून माणूस आरएच पॉझिटिव्ह ठरतो) नव्हे, एलडब्ल्यू या वेगळ्याच प्रथिनावर बसत होती. रीससमध्ये आरएचचं एकच जनुक असतं. आपल्यात आरएचडी आणि आरएचसीई अशी दोन आहेत. म्हणून तुमच्या नोंदवहीत माकडांपुढे आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा रकाना मोकळाच ठेवा.