बॅटरीवरचे सोलर नेट मीटरवर नेताना

घरच्या सोलरबद्दल वाचकांनी विचारलेले ५ प्रश्न या वेळी घेतले आहेत. नेट मीटर म्हणजे ग्रिडकडून (महावितरणच्या लाइनवरून) घेतलेली आणि ग्रिडला दिलेली, अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर; बिल फरकाचे येते. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्यांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न (कराड): आमच्याकडे २०१७ पासून ३२५ वॅटचे ३ पॅनेल, २४ व्होल्टचा सोलर इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या २ ट्युब्युलर बॅटऱ्या आहेत. दिवे, पंखे, टीव्ही त्यावर चालतात. तरी महावितरणची महिन्याला २७०-२८० युनिट लागतातच. दुपारी बॅटरी भरली की पॅनेल नुसते तापत बसतात. हीच सिस्टीम नेट मीटरला जोडता येईल का?

उत्तर: जशीच्या तशी नाही. तुमचा इन्व्हर्टर ग्रिडची वीज फक्त आत घेतो, बाहेर पाठवण्याची सोय त्यात नसते. त्यासाठी ग्रिड-टाय इन्व्हर्टर लागतो, म्हणजे ग्रिडच्या व्होल्टेजशी आणि फ्रिक्वेन्सीशी जुळवून घेऊन वीज देणारा.

मग जुने पॅनेल त्या नव्या इन्व्हर्टरला जोडू, असे कुणीही सुचवेल. इथे गणित आडवे येते. ३२५ वॅटचा पॅनेल साधारण ३७ व्होल्टला काम करतो. तिन्ही सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडून, घेतले तर १११ व्होल्ट, आणि एप्रिलच्या दुपारी काच-सेल ६५ अंशांवर गेले की तेच ९५ च्या आसपास. घरगुती ग्रिड-टाय इन्व्हर्टर या व्होल्टेजला कसाबसा सुरू होतो, मॉडेलनुसार होतही नाही. त्यांच्यासोबत नवे ५४० वॅटचे पॅनेल ओवले तर आणखी वाईट: नव्याचा करंट १३ अँपिअर, जुन्याचा पावणेनऊ. सीरिजमध्ये सगळ्यात कमी करंटवाला पॅनेल बाकीच्यांना आपल्या चालीने चालवतो. महागाच्या पॅनेलची एक तृतीयांश ताकद तिथेच जिरते.

म्हणून आमचे मत असे, की जुने आहे तिथेच राहू द्या आणि शेजारी नवी, बॅटरी नसलेली सिस्टीम ग्रिडला जोडा. ४ नवे पॅनेल ५४० वॅटचे, म्हणजे २ किलोवॅटच्या थोडे वर. महाराष्ट्रात १ किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिट धरतात, तेव्हा महिन्याला २४० च्या आसपास मिळतील. जुलै-ऑगस्टला बरीच कमी, मार्च-एप्रिलला जास्त. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. ७८,००० च्या वर मिळत नाही. त्यासाठी पॅनेल नवे आणि भारतात बनलेल्या सेलचेच लागतात. जुन्यांवर अनुदान नाही. ३ किलोवॅटचा मोह होईल, पण वर्षभर पुढे ओढलेली शिल्लक युनिट ३१ मार्चला हिशेबात निघतात आणि त्यांचा दर तुम्ही भरता त्या दरापेक्षा खूपच कमी असतो. एसी किंवा विजेवरची स्कूटर लवकरच येणार असेल तरच ३ घ्या.

आता जोडणी. मीटरनंतरच्या मेन स्विचपासून दोन वाटा काढायच्या: एक घराच्या बोर्डाकडे, दुसरी नव्या इन्व्हर्टरच्या एसीडीबीकडे (एसी बाजूच्या स्विचांच्या पेटीकडे), स्वतंत्र दोन-पोल १६ अँपिअर एमसीबीतून. नव्या इन्व्हर्टरची वायर जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर, म्हणजे दिव्या-पंख्यांच्या सर्किटवर, चुकूनही येता कामा नये. छतावरून खाली येताना तेच सर्किट जवळ सापडते म्हणून वायरमन तिथे टेकवतात. मग लाइट गेली की जुना साइन-वेव्ह इन्व्हर्टर २३० व्होल्ट तयार करतो, नव्याला वाटते ग्रिड आले, आणि तो सगळी वीज जुन्याच्या आउटपुटमधून उलटी ढकलू लागतो. बॅटरी उकळते किंवा जुन्या इन्व्हर्टरचे कार्ड जळते.

जुन्या इन्व्हर्टरचे सेटिंगही बदला. बिल वाचवायला बहुतेकांनी तो 'सोलर, मग बॅटरी, मग ग्रिड' या क्रमावर ठेवलेला असतो. म्हणजे रोज रात्री बॅटरी रिकामी होते. नेट मीटर आल्यावर दुपारी दिलेले युनिट त्याच वर्षात एकास एक परत मिळते. लेड-अॅसिड बॅटरीतून चारातली तीनच परत येतात, वर बॅटरीचे आयुष्य झिजते ते वेगळे. तेव्हा क्रम 'सोलर, मग ग्रिड, मग बॅटरी' करा. बॅटरी लाइट जाण्यापुरती राखून ठेवायची.

नव्या पॅनेलसाठी जुने सरकवावे लागले तर सोडवताना आधी पॅनेलच्या वायरी, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, शेवटी पॅनेल. उलट केले तर बॅटरीविना चार्जरवर पॅनेलचे उघडे, म्हणजे भार नसतानाचे, ४६ व्होल्ट बसतात. पॅनेलच्या वायरी जोडणारे एमसी-४ कनेक्टर उन्हात, करंट चालू असताना ओढू नका. डीसीची ठिणगी एसीसारखी लगेच विझत नाही.

प्रश्न (नाशिक): नेट मीटर लावले की लाइट गेल्यावर सोलरही बंद पडते, असे ऐकले. एजन्सीवाला म्हणतो, हायब्रिड (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींशी जोडता येणारा इन्व्हर्टर) घ्या आणि जुन्याच बॅटऱ्या जोडा. घ्यावा का?

उत्तर: बंद पडते हे खरे आहे आणि ते तसेच असायला हवे. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छताचा शॉक बसू नये म्हणून ग्रिड गेल्याबरोबर इन्व्हर्टरने थांबायचे असते. आयएस १६१६९ हे मानक त्याचसाठी आहे. अर्जासोबत त्याचे आणि आयएस १६२२१ चे सर्टिफिकेट मागून घ्या.

हायब्रिडला बॅकअपचा वेगळा आउटपुट असतो. लाइट गेल्यावर तो ग्रिडपासून तुटतो आणि तेवढाच भाग चालवतो. तुमच्याकडे रोज दोन-तीन तास लाइट जात असेल, तीही दिवसा, तर पैसे वसूल होतात. आठवड्यातून तासभर जात असेल तर जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी पुरे. बॅटरीवर केंद्राचे वेगळे अनुदान नाही.

जुन्या बॅटऱ्यांबद्दल एजन्सीवाला चुकतो आहे. बरेच हायब्रिड ४८ व्होल्टचे असतात, म्हणजे १२ व्होल्टच्या ४ बॅटऱ्या एका रांगेत. त्यात २ जुन्या आणि २ नव्या घातल्या की चार्जिंगला जुन्या आधी भरून उकळतात, वापरताना आधी बसतात, आणि वर्षभरात नव्याही त्यांच्या वाटेने जातात. ठरवण्याआधी हायड्रोमीटर (बॅटरीतल्या अॅसिडची घनता मोजणारी नळी) लावून बघा. पूर्ण चार्ज झाल्यावर ट्युब्युलरच्या सहाही सेलमध्ये १२४० च्या आसपास यायला हवे. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ५० ने खाली असेल तर ती बॅटरी बदलीत देऊन टाका.

बॅकअपच्या सर्किटची न्यूट्रल मात्र वेगळी ओढून घ्या. जुन्या घरांत फेज वेगळी काढलेली असते, न्यूट्रल सगळ्यांची एकच. हायब्रिड आल्यावर आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) सारखा पडतो तो बहुधा यामुळेच, आणि मग कुणीतरी आरसीसीबीच काढून टाकतो. तसे करू देऊ नका.

प्रश्न (कणकवली): ३ किलोवॅटचे सोलर बसले, नेट मीटरही लागले. सकाळी व्यवस्थित चालते. ११ ते ३ मध्ये इन्व्हर्टर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' दाखवून सारखा बंद होतो. इन्व्हर्टर खराब आहे का? खांब घरापासून ३० मीटरवर आहे.

उत्तर: इन्व्हर्टर बहुधा ठीक आहे, वायर बारीक असावी. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला खांबापेक्षा थोडे जास्त व्होल्टेज ठेवावे लागते. खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर २.५ चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियमची असेल तर जाऊन-येऊन ६० मीटरचा रोध साधारण ०.६८ ओहम भरतो. ३ किलोवॅटला १३ अँपिअर, म्हणजे जवळजवळ ९ व्होल्ट त्या वायरमध्येच. खांबावर दुपारी २४५ असेल तर इन्व्हर्टरपाशी २५४ होतात आणि २५३ ची मर्यादा ओलांडली जाते. तीच वायर ६ चौरस मिलिमीटर तांब्याची केली तर वाढ अडीच व्होल्टच्या आत राहते.

आधी खात्री करून घ्या. दुपारी १२ वाजता इन्व्हर्टर चालू असताना आणि लगेच बंद करून, मीटरपाशी दोन्ही वेळा व्होल्टेज मोजा. फरक ५-६ व्होल्टच्या वर आला तर वायर किंवा सैल जोड. बंद असतानाही २५० च्या वर दिसत असेल तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करणारी जोडणी, बदलायला लागेल. तसा लेखी अर्ज शाखा कार्यालयात द्या. खांब ते मीटर ही सर्व्हिस वायर स्वतः बदलू नका. इन्व्हर्टरची मर्यादा २६५ पर्यंत चढवून द्यायला काही एजन्सी तयार असतात. घरातला फ्रिज आणि एलईडी त्याची किंमत मोजतात.

प्रश्न (पंढरपूर): बिल वारलेल्या वडिलांच्या नावावर, मंजूर भार १ किलोवॅट. ३ किलोवॅटचा अर्ज करता येईल?

उत्तर: भाराची अडचण नाही. केंद्राच्या २०२४ मधील नियमदुरुस्तीनुसार १० किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक पाहणीविना मंजूर धरला जातो आणि लागेल तेवढा भारही कंपनीनेच वाढवायचा आहे. नाव मात्र आधी बदला. मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, इतर वारसांची संमती तयार ठेवा. बिल, आधार आणि बँक खाते या तिन्हींवरचे नाव अक्षरशः एकच असू द्या. 'रामचंद्र' आणि 'आर.' एवढ्या फरकानेही अनुदान अडकू शकते.

प्रश्न (अमरावती): काम झाले म्हणून एजन्सीने सोलर चालू करून दिले, नेट मीटर महिन्यानंतर बसले. त्या महिन्याचे बिल नेहमीपेक्षा जास्त आले. सोलर असून कसे?

उत्तर: जुना एकेरी मीटर वीज कुठल्या दिशेने जाते हे बघत नाही. मीटर उलटा जोडून चोरी होऊ नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. तुम्ही बाहेर दिलेले युनिटही त्याने वापरात मोजले. ते पैसे परत मिळणे अवघड, कारण नेट मीटरशिवाय ग्रिडला वीज देणे मुळातच नियमबाह्य आहे. मीटर बदलेपर्यंत एसीडीबीचा एमसीबी खालीच ठेवायचा असतो. नवा मीटर बसला त्या दिवशीच्या आयात आणि निर्यात या दोन्ही आकड्यांचा फोटो काढला नसेल तर मीटर बदलल्याच्या अहवालाची प्रत मागून घ्या आणि पहिल्या नेट बिलावरचे 'मागील रीडिंग' त्याच्याशी ताडून पाहा.