सगळेच ‘उत्तम’ कसे?

प्रश्न : आमच्या विभागातल्या निवासी डॉक्टरांच्या मूल्यमापनाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. दर सहामाहीला फॉर्म फिरतात आणि सगळ्यांना पाचपैकी चार-पाच गुण मिळतात, कामात अडखळणाऱ्यालाही. काय करावं?

उत्तर : नुसता फॉर्म बदलून भागणार नाही. सहा महिन्यांपूर्वीचं काम कुणाच्या लक्षात राहतं? मग स्वभाव बघून गुण दिले जातात. आधी प्रत्यक्ष पाहणं वाढवा. ‘मिनी-सीईएक्स’ पद्धतीत शिक्षक निवासी डॉक्टरला रुग्ण तपासताना पंधरा-वीस मिनिटं बघतो आणि लगेच बाजूला घेऊन सांगतो. मी तेव्हाच एक ओळ लिहून ठेवते : ‘पोट दाबताना रुग्णाच्या चेहऱ्याकडे लक्ष नव्हतं.’ एवढ्यावरून त्या मुलाला उद्या काय सुधारायचं ते नेमकं कळतं. ‘चार’ या आकड्यावरून काय कळणार?

दुसरं, शिक्षकांना गुण मागूच नका. एखादं काम या निवासी डॉक्टरवर सोपवताना तुम्ही शेजारी उभे राहाल, हाकेच्या अंतरावर असाल, की नंतर तपासलं तरी चालेल, असं विचारा. नेदरलँड्सचे वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ ओले टेन काटे यांनी २००५ मध्ये मांडलेली ही दिशा मला फार मोलाची वाटते. रात्रपाळीत रुग्ण त्याच डॉक्टरच्या हाती असणार, हे डोळ्यांसमोर आलं की भिडेखातर कुणी काही लिहीत नाही.

अंतिम निर्णय एकटीने घेऊ नका. अमेरिकेत यासाठी किमान तिघा शिक्षकांची समिती लागते, ते योग्यच आहे. आणि जो मागे पडतोय त्याला वर्षअखेरीची वाट न बघता याच आठवड्यात बोलवा, लिहिलेल्या ओळी त्याच्यासमोर ठेवा.