काटेरी तारेत अडकून घोडीचा मागचा पाय फाटलाय, पाऊस थांबत नाही, जखमेवर काय लावू?

म्हणजे गोव्यात पेडण्याला सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ माळावर, चरायला सोडलेली घोडी कुणाच्या तरी जुन्या कुंपणाच्या तारेत अडकली, मागच्या पायाला नळीच्या खालच्या बाजूला बोटभर लांब जखम, आज तिसरा दिवस, एक जण हळद सांगतोय, दुसरा मोरचूद, तिसरा डांबरगोळ्यांची पूड, आणि डॉक्टर परवा येणार. बरोबर ना? मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. दिचोलीजवळ दोन घोडे आहेत माझ्याकडे, एक रेसमधून रिटायर झालेला आणि एक तट्टू, आणि आपल्याकडच्या पावसात घोड्याच्या पायाची जखम सांभाळणं काय असतं ते चांगलं माहितीये, म्हणून लिहितोय.

काय लावू हे जरा बाजूला ठेवा. आधी दोन गोष्टी बघा आणि त्या आजच बघा. जखम सांध्यापासून किती लांब आहे आणि घोडी त्या पायावर वजन टाकते का. मोठी लांबलचक फाटलेली जखम दिसायला भयंकर असते पण मांसल जागेवर असेल, खांदा छाती वगैरे, तर घोडा आश्चर्य वाटावं इतका छान भरून येतो. उलट सांध्याजवळ तारेचं टोक घुसून झालेलं छोटंसं भोक, ज्यातून रक्तही फार येत नाही, ते घोडा घालवू शकतं. कारण आतली सांध्याची पिशवी किंवा शिरेभोवतीचं (रक्ताची शीर नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी दोरी, टेंडन) आवरण फुटलं आणि तिथे जंतू शिरले तर नुसत्या इंजेक्शनने भागत नाही, आतून धुवावं लागतं आणि तेही पहिल्या २४ तासांत झालं तर बरं, मग दर दिवसाला आशा कमी होत जाते. खूण काय, तर जखमेतून पिवळसर, पारदर्शक, बोटाला चिकटून तार निघेल असं पाणी येतं, आणि एक-दोन दिवसांनी घोडी एकदम पाय उचलूनच धरते. तुमच्या घोडीचं असं काही असेल तर परवाची वाट बघू नका, आत्ता फोन लावा, फोटो पाठवा. माझ्या रिटायर घोड्याच्या वेळी डॉक्टरांनी काय केलं ते बघण्यासारखं होतं. सांध्याच्या चांगल्या बाजूने, जखमेपासून लांब, केस काढून स्वच्छ केलं, सुई घातली आणि निर्जंतुक सलाईन हळूहळू आत सोडत राहिले, आणि आम्ही सगळे टॉर्च धरून जखमेकडे बघत बसलो की इथून पाणी बाहेर येतंय का. आलं असतं तर सांधा उघडा. नाही आलं. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

डॉक्टरबद्दल एक सांगतो, राग नको. आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर गाय, म्हैस, कुत्रा यात तरबेज असतात, घोडे त्यांच्या हाताखालून फार जात नाहीत कारण गोव्यात घोडेच किती. त्यांना बोलवाच, पण सोबत घोड्याची सवय असलेल्या कुणालातरी व्हिडिओ कॉलवर घ्या, बेळगाव, पुणे, मुंबईकडे असे डॉक्टर असतात, आणि ऑपरेशनचीच वेळ आली तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय हा एक पर्याय आहे. डॉक्टरला फोनवर सांगायला आकडे तयार ठेवा. गुदद्वारातून घेतलेला ताप साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट, नाडी उभ्या शांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. ताप १०२ च्या पुढे गेला की कळवा.

धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का? हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं खरं तर. पाळीव जनावरांत धनुर्वाताला घोड्याइतकं नाजूक दुसरं कोणी नाही, आणि जंतू मातीत, लिदीत सगळीकडे असतो, गंजकी तार तर निमित्त. आधीची लस ६ महिन्यांच्या आतली असेल तर ठीक, नसेल किंवा आठवत नसेल तर बूस्टर, आणि कधीच दिली नसेल तर लस आणि तयार अँटिटॉक्सिन दोन्ही, हे डॉक्टर ठरवतील. जखम बाहेरून बरी दिसायला लागली तरी पुढचे दोन-तीन आठवडे चालीत ताठरपणा, जबडा उघडायला त्रास, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पांढरा पडदा डोळ्यावर येणं, यावर लक्ष ठेवा.

आता धुणं. नळाचं साधं पाणी, जोर न लावता, दहा-पंधरा मिनिटं पायावर सोडा, माती-गवत निघतं आणि सूजही उतरते. पावसात विहिरीचं पाणी गढूळ असतं म्हणून शेवटचं धुणं मिठाच्या पाण्याने करा, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा दीड सपाट चमचा. बेटाडिन घालायचं तर फिक्या कोऱ्या चहासारखा रंग येईल इतकंच. बाटलीतून थेट ओतू नका, घट्ट डेटॉल नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, फिनाइल तर अजिबात नको. हे जंतू मारतात पण त्याबरोबर भरून येणारं कोवळं मांसही मारतात. लोंबणारी कातडी असेल तर ती कापू नका, मेलेली वाटली तरी, ती खालच्या मांसाला झाकते. टाके पहिल्या सहा-आठ तासांत घातलेले बरे टिकतात, तुमची ती वेळ गेली, पण डॉक्टर कधी कधी जखम साफ करून चार-पाच दिवसांनीही टाके घालतात, त्यामुळे विचारा. आणि मागच्या पायाशी काम करताना खाली मांडी घालून बसू नका हो, उकिडवं बसा, मोहरकी धरणारा माणूस तुमच्याच बाजूला उभा राहू दे, म्हणजे बिथरली तर तो तिचं डोकं आपल्याकडे ओढेल आणि मागचा भाग तुमच्यापासून लांब जाईल.

मोरचुदाचं का नाही ते सांगतो कारण हे आपल्याकडे फार चालतं. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नाहीच, कातडी, शिरा आणि हाड, रक्तपुरवठा कमी, त्यात सतत हालचाल. कडेची कातडी दिवसाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा वगैरे सरकते, म्हणजे तीन सेंटिमीटर रुंद जखम महिने घेते, आठवडे नाही. पण खालचं लाल दाणेदार मांस मात्र भराभर वाढतं, कातडीच्या वर येतं, फुलकोबीसारखं फुगतं, आणि मग कातडीला त्यावर चढता येत नाही. यालाच फाजील मांस म्हणतात. मोरचुदाने ते जळतं खरं, पण कडेची नवी कातडीही जळते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. डॉक्टर ब्लेडने ते कातडीच्या पातळीला छाटतात, रक्त खूप येतं आणि बघणारा घाबरतो, पण त्या मांसाला नसाच नसतात त्यामुळे घोड्याला दुखत नाही, माझा घोडा तेव्हा आरामात गवत चघळत होता.

आता मलमपट्टी, कारण खरं काम हेच करते. सगळ्यात आत न चिकटणारं पॅराफिन गॉज, त्यावर साधं गॉज, मग कापसाचा जाड थर, चांगला दोन-तीन सेंटिमीटर, कंजूषपणा करू नका, आणि त्यावर १५ सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेज. सगळे वेढे एकाच दिशेने, पुढून मागे, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर येईल असा, ताण सगळीकडे सारखा. वर आणि खाली क्रेपच्या बाहेर बोटभर कापूस दिसला पाहिजे, नाहीतर क्रेपची कड कातडीत रुतते आणि मागच्या शिरेवर नवीनच दुखणं. बांधून झाल्यावर वरून एक बोट जेमतेम आत गेलं पाहिजे. शेवटी वरच्या-खालच्या कडेला चिकटपट्टी. कापसाचे मोठे रोल म्हापशाला मेडिकलवाल्याकडे सांगून ठेवले की आणून देतात, एकदम घ्या, खूप लागतात. दुसऱ्या मागच्या पायालाही साधी पट्टी बांधा, कारण सगळं वजन आता तो घेतोय. पाणी येत असेपर्यंत रोज बदला, मग दोन-तीन दिवसांनी. उघडल्यावर थोडा चिकट मळकट स्राव दिसेल, त्याला घाबरू नका, पण सडका वास, किंवा पट्टीच्या वर नवीन सूज, किंवा कालपेक्षा आज जास्त लंगडणं, हे मात्र फोन करण्यासारखं. आणि पट्टी भिजली की ती त्याच क्षणी काढायची, रात्री अकरा वाजले असले तरी. भिजलेली पट्टी ही पट्टी नसण्यापेक्षा वाईट.

म्हणूनच आपल्याकडे अर्धी लढाई पावसाशी आहे. घोडी सड्यावर नको, चिखलात नको, चिऱ्याच्या जुन्या खाणीत साचलेल्या पाण्याजवळ तर मुळीच नको. साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेत एक बुरशीसारखा जंतू शिरतो, घोडेवाले त्याला बरसाती म्हणतात. जखम भरायच्या ऐवजी रोज मोठी होते, घोडा तोंडाने चावत सुटतो इतकी खाज, आणि आत पिवळट दगडासारखे खडे मिळतात. असे खडे दिसले तर एक डबीत घालून डॉक्टरला द्या, उशीर झाला तर हे प्रकरण फार अवघड जातं. दुसरा शत्रू म्हणजे माश्या. अळ्या पडल्या तर चिमट्याने एकेक काढायच्या, डॉक्टर टर्पेंटाईनचा बोळा क्षणभर धरून त्यांना वर आणतात, पण डांबरगोळ्यांची पूड भरून पट्टी बांधू नका. माशी हाकलणारा स्प्रे जखमेच्या भोवती मारायचा, जखमेत नाही.

गोठ्यातली औषधं घोडीपासून लांब ठेवा, हे मी ओरडून सांगतो. गोचिडांसाठी गुरांवर मारतात ते अमिट्राझ घोड्याला लावलं की आतडी बंद पडतात. लिन्कोमायसिनसारखं अँटिबायोटिक घोड्याला जीवघेणी हगवण लावू शकतं. मोनेन्सिन असलेलं गुरांचं किंवा कोंबड्यांचं खाद्य घोड्याच्या हृदयावर जातं. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी आपल्या देशात २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरत होती, तरी कोणीतरी माणसांचं इंजेक्शन आणून देतोच. दुखण्यावर डॉक्टर देतील ते, देतील तेवढंच, कारण वेदनाशामक जास्त झालं की घोड्याच्या पोटात अल्सर होतो.

तबेल्यात उभी करून ठेवणार म्हणजे चंदी कमी करा. चणे आणि ओट निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आणा आणि गवत सतत समोर असू द्या, पण बुरशीचा वास येणारा पेंढा नको, पावसाळ्यात हे जमवणं कठीण आहे हे मला माहितीये, तरी. चालणारं जनावर एकदम उभं केलं की लीद कोरडी पडते आणि पोट अडतं, म्हणून रोज किती वेळा लीद टाकते ते मोजा आणि कोंडा पाण्यात भिजवून थोडा द्या. खाली भाताचं तूस जाड पसरा आणि ओलं रोज काढा. चांगल्या पायाचं खूर गरम लागतंय का, खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी जोरात उडतेय का हे हात लावून बघत जा. सगळं वजन एकाच पायावर गेलं की त्या खुराच्या आत सूज येते, आणि ते मूळ जखमेपेक्षा वाईट.

ताप येतोय-जातोय, जखम मात्र स्वच्छ, असं झालं तर जखमेला दोष देत बसू नका, रक्त तपासून घ्या. पावसात गोमाश्या चावून सरा हा रक्तातल्या परजीवीचा आजार होतो आणि तो असाच लपतो. तसंच पाच-सहा आठवड्यांनीही एकाच जागेतून थोडा थोडा पू येत राहिला तर एक्स-रे काढा, नळीच्या हाडाचा एखादा पापुद्रा सुटून आत मेलेला असतो आणि तो काढल्याशिवाय वरून काहीही लावलं तरी जखम मिटत नाही.

चालवायला कधी सुरुवात करायची ते जखम सांगेल आणि डॉक्टर सांगतील, पण पहिल्यांदा हाताने, सपाट जागेवर, दहा मिनिटं, दुडकी नाही. आणि तोपर्यंत त्या सड्यावर एक माणूस घेऊन फिरा आणि झुडपात पडलेली तार गोळा करा, काजूच्या जुन्या बागांच्या कडेला ती कितीतरी असते. नवीन कुंपण घालणार असाल तर काटेरी तार नकोच, रुंद पांढरी विजेची पट्टी मिळते, ती घोड्याला लांबून दिसते.

आज संध्याकाळी पट्टी बदलताना दोन फोटो काढा, एक बाजूने आणि एक मागून, जखमेशेजारी एक रुपयाचं नाणं धरून, आणि इथे टाका. नाडी आणि ताप पण लिहा. चवथीच्या दिवसांत डॉक्टर मिळणं मुश्किल होतं, त्यामुळे पट्ट्यांचा साठा आणि डॉक्टरांचा दुसरा एखादा नंबर आत्ताच करून ठेवा.