घोडं पेंड कुठे खातं : घोड्याच्या वर्षाच्या खर्चाची प्रश्नोत्तरे

प्रश्न : पहिलाच घोडा घेतोय. वर्षभराच्या वैरणीचा अंदाज कसा बांधू?

आधी घोडा मोजा, पैसे नंतर. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगत मागून छातीचा घेर घ्या आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 180 आणि लांबी 165 असली तर वजन 450 किलो निघतं. रोज वजनाच्या साधारण दोन टक्के सुकी वैरण धरा, म्हणजे नऊ किलो. वर्षाला 3,285 किलो. चरायला हिरवं मिळत असेल तर तेवढं वजा करा. नासाडी मात्र मिळवा. जमिनीवर टाकलेलं गवत घोडा तुडवतो, त्यावर मुततो आणि मग त्याला तोंडही लावत नाही. मी दहा टक्के जादा धरतो, तेही गव्हाण असेल तरच.

आता भाव लावा. बहुतेक जण सुरुवातच ‘महिन्याला इतके गठ्ठे’ इथून करतात आणि घोडं तिथेच पेंड खातं, कारण गठ्ठ्याचं वजन खेपेगणिक बदलतं. दोन-तीन गठ्ठे काट्यावर ठेवून बघाच. हंगामात एकदम भरून ठेवलं तर सहसा स्वस्त पडतं, पण जागा कोरडी हवी. बुरशी धरलेलं गवत टाकूनच द्यावं लागतं. ते खाऊ घातलं तर खोकला, नाहीतर पोटशूळ.

प्रश्न : नाल ठोकणंच बंद केलं तर खर्च वाचेल का?

नालेचा वाचेल, नालबंदाचा नाही. खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. नाल असो-नसो, तो सहा ते आठ आठवड्यांनी तासावाच लागतो. सहा आठवड्यांचा हिशेब धरला तर वर्षात जवळजवळ नऊ खेपा. महिन्याच्या वहीत हे नीट बसत नाही, म्हणून तारखा कॅलेंडरवरच टाकून ठेवा. जमीन मऊ आणि काम हलकं असेल तर बिननालेचा घोडा छान चालतो. खडकाळ वाटेवर हा प्रयोग नालबंदाला विचारल्याशिवाय नको.

प्रश्न : गेल्या वर्षी एकदाच पोटशूळ उठला आणि सगळं अंदाजपत्रक कोलमडलं. डॉक्टरांचे किती धरावेत?

खाती दोन करा. पहिलं ठरलेल्या खर्चाचं : धनुर्वातासारख्या लसी, वर्षातून एकदा दात, आणि लीद तपासून जंतनाशक. न तपासता डोस देत गेलात तर जंत औषधाला सरावतात, आणि मग पैसे देऊनही गुण येत नाही. दात आयुष्यभर वर येत राहतात. त्यांच्या कडांना धार आली की गाल सोलतात आणि घोडा खाणं कमी करतो.

दुसरं खातं अडीनडीचं. डॉक्टरांना आजच विचारा : रात्री यायचे किती, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर किती? पहिली रक्कम लगेच बाजूला ठेवा. दुसरी झेपेल की नाही, हे घरात आत्ताच ठरवा. लोळणाऱ्या घोड्यापाशी उभं राहून असले निर्णय होत नाहीत, झाले तरी धड होत नाहीत.

प्रश्न : सोबतीला दुसरा घोडा घेतला तर खर्च दुप्पट?

वैरण, खूर, लस दुप्पट. नालबंद आणि डॉक्टर एकाच दिवशी बोलावले तर येण्याजाण्याचा खर्च वाटला जातो, एवढीच सूट.

प्रश्न : घोडी चोवीस वर्षांची आहे, काम बंद केलंय. आता खर्च उतरेल ना?

चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, कमी होईल, तीही तिचं अंग टिकून असेल तर. गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे पडलेले दिसतात का? दिसत असतील तर दातांनी दगा दिलाय, डॉक्टरांना दाखवा. पुढे बारीक केलेला, भिजवलेला चारा लागेल, तोही दिवसातून अनेकदा, म्हणजे माणसाचा वेळही धरा. घोडी तिशी गाठू शकते, तेव्हा हिशेब पाच-सहा वर्षांचा मांडा. खोगीर विकणार असाल तर लवकर विका. तेलपाणी न करता पडून राहिलं की कातडं तडकतं.