पीएचसीतून फ्रेस्नोच्या क्लिनिकमध्ये: सही करण्याआधी काय बघाल

डॉक्टर, तुम्ही सातारा जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर मेडिकल ऑफिसर आहात, पत्नी बीएचएमएस (होमिओपॅथी), आणि अमेरिकेतल्या कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये फॅमिली डॉक्टर व्हायचं मनात आहे. पीएचसीचा अनुभव धरतात का, आणि घरच्यांचं काय, असं विचारलंत. मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या बाजूला अशाच एका सेंटरमध्ये काम करते, त्यामुळे सांगेन ते इथलंच.

अनुभव कागदावर धरत नाहीत. समोर पेशंट बसला की मात्र तोच कामाला येतो. यूएसएमएलई (डॉक्टरांची परवाना परीक्षा, तिचे टप्पे म्हणजे स्टेप), इंग्रजीसाठी ओईटी, परदेशी पदव्या तपासणाऱ्या ईसीएफएमजीचं सर्टिफिकेट, मार्चमधला मॅच म्हणजे रेसिडेन्सीच्या जागांचं वाटप, आणि त्यानंतर फॅमिली मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं पगारी प्रशिक्षण, यातलं काहीही सुटत नाही. टेनेसीसारख्या काही राज्यांनी परदेशी डॉक्टरांना इथली रेसिडेन्सी न करता परवाना मिळावा म्हणून वेगळे कायदे केलेत. त्याचे रील्स बघून नोकरीचा राजीनामा देऊ नका. स्टेप १ ला २०२२ पासून नुसतं पास-नापास असल्यामुळे सगळा भार स्टेप २ च्या मार्कांवर आलाय. शिवाय पास होऊन बरीच वर्षं झाली असली तर अनेक प्रोग्रॅम अर्ज बघतही नाहीत. परीक्षा द्यायच्याच असतील तर लवकर द्या.

आता व्हिसा. परदेशात बसून नव्याने एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, काढायचं तर सप्टेंबर २०२५ पासून एक लाख डॉलरचं शुल्क आलंय, म्हणजे बहुधा तुम्ही जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावरच याल. रेसिडेन्सी संपली की जे-१ वाल्याला दोन वर्षं मायदेशी जावं लागतं. ते टाळायचा नेहमीचा रस्ता म्हणजे कॉनराड ३०: प्रत्येक राज्याला वर्षाला तीस वेव्हर, म्हणजे या अटीतून सूट, आणि बदल्यात डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ नोकरी. वेव्हर मिळाल्यापासून नव्वद दिवसांत रुजू व्हायचं. बरेच वेव्हरवाले डॉक्टर आमच्यासारख्या सेंटर्समध्ये येतात ते यामुळेच. त्या तीन वर्षांत नोकरी आवडली नाही म्हणून सोडता येत नाही, त्याला तसंच सबळ कारण लागतं. आपली मंडळी रेसिडेन्सीसाठी वर्ष-वर्ष याद्या करतात आणि हा करार मात्र घाईत सही करून मोकळी होतात. मला विचाराल तर काळजी उलट घ्यायला हवी.

ही सेंटर्स १९६५ पासूनची. सुरुवात बॉस्टन आणि मिसिसिपीतल्या माउंड बायू इथून झाली. केंद्राचं अनुदान घेणाऱ्या सेंटरला पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही, फी उत्पन्नाप्रमाणे घ्यावी लागते. संचालक मंडळात निम्म्याहून जास्त लोक तिथले पेशंटच असावे लागतात. म्हणजे मळ्यात काम करणाऱ्या बाई मीटिंगमध्ये विचारू शकतात, सकाळी तुमचा फोन का लागत नाही? पीएचसीत असं कुणी विचारलेलं मला तरी आठवत नाही.

काम ओळखीचं वाटेल: मधुमेह, बीपी, गरोदर बायका, मुलांच्या लशी, कंबरदुखी. फ्रेस्नोच्या आसपास बेदाण्याची शेती आहे. आपल्या तासगावात द्राक्षं शेडमध्ये वाळवतात, इथे बऱ्याच ठिकाणी वेलींच्या दोन ओळींमध्ये जमिनीवर कागद अंथरून. ऑगस्ट-सप्टेंबरात तोडणीवरचा माणूस दिवसाची अपॉइंटमेंट चुकवतो आणि संध्याकाळी धुळीने भरलेल्या बुटांनी येतो. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, अकरा, फारच जास्त. इन्सुलिन चाळीस डिग्रीच्या उन्हात गाडीत ठेवलेलं. भीती बसली म्हणून साखर झाली, असं तो तुम्हाला सांगेल. त्याला खोडून काढत बसू नका, थर्मासची पिशवी मिळवून द्या. स्पॅनिश शिकावीच लागते. वाहाका भागातून आलेल्या काहींना तीही नीट येत नाही, ते मिश्तेको बोलतात, मग फोनवर दुभाषा. पंजाबी ट्रकवाल्यांशी माझं हिंदीवर भागतं.

एक गोष्ट मात्र नव्याने शिकावी लागेल. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन उतरलेलं, एक्स-रेवर डाग: आपला हात थेट टीबीकडे जातो. थुंकी पाठवाच, पण सोबत कॉक्सीची, म्हणजे व्हॅली फीव्हरची, रक्ततपासणीही सांगा. इथल्या मातीतल्या बुरशीने होणारा हा आजार हुबेहूब टीबीसारखाच दिसतो.

थकवतात ते पेशंट नव्हेत, इनबॉक्स. रिपोर्ट, औषधांच्या रिफिल विनंत्या, विमा कंपनीची आगाऊ मंजुरी. सगळं रात्री जेवणानंतर लॅपटॉपवर. म्हणून मुलाखतीत पगाराच्या आधी विचारा की दिवसाला पेशंट किती, इनबॉक्ससाठी राखीव वेळ आहे का, शनिवार कुणाचे, आधीचा वेव्हरवाला डॉक्टर तीन वर्षांनंतर थांबला की गेला. गेला असेल तर त्याच्याशी फोनवर बोला. पैसा कुठून येतो हेही विचारा. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२६ पासून इमिग्रेशनची कागदपत्रं नसलेल्या प्रौढांची मेडी-कॅलमध्ये, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात, नवी नोंदणी बंद झाली आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्यांत ती माणसं आहेत.

आता घरचं. बीएचएमएसवर इथे डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करता येत नाही. रेसिडेन्सीच्या काळात तुम्ही जे-१ वर असाल तर पत्नीला जे-२ या जोडीदाराच्या व्हिसावर वर्क परमिट मागता येतं. वेव्हर घेऊन तुम्ही एच-१बी वर गेलात की ती एच-४ वर जाते, आणि तुमचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डाचा पहिला मोठा अर्ज, मंजूर होईपर्यंत सहसा तिला काम करता येत नाही. म्हणजे तुमची खरी कमाई सुरू होते त्याच सुमारास तिची बंद. हे तिला आत्ताच सांगा, विमानात बसल्यावर नको. पब्लिक हेल्थचं मास्टर्स करायचं असेल तर ते रेसिडेन्सीच्या वर्षांतच उरकलेलं बरं. ग्रीन कार्डसाठी टंचाईच्या भागात एकूण पाच वर्षं काम केलेल्या डॉक्टरांना वेगळी वाट आहे, पण भारतीयांची रांग चुकत नाही आणि ती दहा वर्षांच्या पुढची आहे. मुलं असतील तर त्यांची वयं मांडून बघा, कारण एकवीस पूर्ण झाली की ती सहसा तुमच्या अर्जातून बाहेर पडतात.